वरणफळे : एका भांड्यातील जेवण
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



स्वयंपाकघर हे आमचे कार्यक्षेत्र नव्हे. तरीही आज वरणफळांविषयी बोलण्याचे धाडस आम्ही करीत आहोत, त्यास कारण आहे.

१९९७ च्या हिवाळ्यात आमची डेहराडूनला बदली झाली. बिऱ्हाड लागते न लागते तोच सौभाग्यवती विषमज्वराने अंथरुणास खिळल्या. मुलगा चार वर्षांचा, त्यात महिनाअखेर. फायलींवर शेरे मारणाऱ्या आमच्या हाताला वरणभातही धड साधेना. बी.ए.ची पदवी शेगडीपुढे निरुपयोगी ठरली. आईला पत्र धाडले. आठवड्याने उत्तर आले : "वरणफळे कर. एका भांड्यात जेवण होते. फळे सोडताना उकळी मोडू देऊ नकोस."

कृती सोपी आहे. वाटीभर तुरीची डाळ हळद-हिंग घालून मऊ शिजवावी, घोटावी व पाच वाट्या पाणी घालून सरसरीत करावी. तेलात मोहरी, जिरे, लसूण, कढीपत्ता यांची फोडणी करून तीत हे वरण ओतावे. तिखट, मीठ, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा व गोडा मसाला घालावा. दीड वाटी कणीक मीठ, ओवा, हळद व चमचाभर तेल घालून घट्ट भिजवावी. पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापावेत. वरण खळखळ उकळू लागले की एकेक तुकडा सोडावा. दहा-बारा मिनिटांत फळे शिजतात. वाढताना वर तुपाची धार धरावी.

पहिल्या दिवशी आम्ही सारे तुकडे कोमट वरणात एकदम लोटले. त्यांचा लगदा झाला. मुलाने तो मुकाट्याने खाल्ला आणि विचारले, "आई कधी उठणार?" दुसऱ्या दिवशी आम्ही उकळीची वाट पाहिली.

पुण्याकडे यांस चकोल्या म्हणतात, गुजराती बांधव दाळढोकळी. इटलीतील कष्टकऱ्यांच्या घरीही घेवड्याच्या दाण्यांबरोबर पास्ता शिजवून 'पास्ता ए फाजोली' करण्याची जुनी रीत आहे. या जोडीत शहाणपण आहे. गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, ते डाळीत विपुल. डाळीत मेथिओनिन कमी, ती उणीव गहू भरून काढतो. आमच्या आईला ही नावे ठाऊक नव्हती; पोट कशाने भरते, हे ठाऊक होते.

पुढल्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे यावयाची होती. तत्पूर्वीच ती गेली. आमच्या हातची वरणफळे तिला वाढावयाची राहूनच गेली.

म्हणून एक विनंती. दरवर्षी या शहरी बदलीवर येणारी मराठी मुले खोलीत एकटी जेवतात. रविवारी त्यांना घरी बोलवावे. एक माणूस वाढले तर वरणात दोन वाट्या पाणी व परातीत मूठभर कणीक वाढवावी, एवढ्याने भागते.