जुनी तबकडी, नवी सुई
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चामराजपेट येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्य, नाट्य, इतिहास अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत रेकॉर्ड प्लेअरच्या सुईला पाट मांडून दिल्याबद्दल आम्ही प्रथम आपले आभार मानतो. विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर जे धन धूळ खात पडले आहे, त्याच्या रक्षणाशी त्याचा संबंध आहे.

१८९२ साली वसविलेल्या या चामराजपेटेत कन्नड साहित्य परिषदेचे घर आहे. फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामनवमीच्या संगीतोत्सवाचा मांडव पडतो. ज्यांचा कान येथे घडला, त्यांना कानडी आणि मराठी सूर एकमेकांस परके कधी वाटलेच नाहीत. गदगचे भीमसेन जोशी अभंगही गायले आणि दासरपदेही. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळीच्या गंगूबाई हनगल यांना आपण कोणत्या एका भाषेच्या खात्यावर मांडणार? १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ प्रक्षेपित झाले आणि पुढे त्याच्या तबकड्या निघाल्या. मुलखापासून दूर नोकरी करणाऱ्या कुटुंबांनी पोटाला चिमटा काढून अशा तबकड्या जमविल्या. घरातील मुलांच्या कानांवर शुद्ध मराठी उच्चार पडावेत, हाही त्यामागे हेतू होता.

“हे सारे आता मोबाइलवर मिळते, मग हा खटाटोप कशाला?” असे तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पुष्कळसे मिळते, हे खरे; पण सर्वच तबकड्या पुन्हा प्रकाशित झालेल्या नाहीत. विशेषतः ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांतील एखादे नाट्यपद केवळ आपल्याच घरात उरलेले असू शकते. म्हणूनच झिजल्या सुईने तबकडी वाजविणे हा केवळ कर्णकटुतेचा प्रश्न नाही. मोठ्या तबकडीच्या एका बाजूवरील खाच उलगडून सरळ केली, तर ती सुमारे ४५० मीटर भरेल. तेवढी वाट सुई प्रत्येक खेपेस घासत जाते. तिचे टोक बोथट होऊन कडा धारदार झाल्या, की ती खाचेच्या भिंती खरवडू लागते. असा खरवडलेला सूर पुन्हा परत येत नाही.

तेव्हा थोड्या पैशांत काय करावे? आमचे पहिले सांगणे असे की, जे फुकट आहे ते आधी करावे. यंत्र भक्कम मेजावर ठेवून पाणसळीने समतल करावे. स्पीकर त्याच मेजावर ठेवू नयेत. त्यांची थरथर सुईपर्यंत पोचते आणि आवाज घुमू लागतो. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण साधावा. उंच स्वरांचा लहान स्पीकर कानाच्या पातळीत यावा. एवढ्यानेही ओळखीची तबकडी नवी वाटू लागते.

दुसरे, स्वच्छता. व्हिनाइलच्या तबकड्या ऊर्ध्वपातित पाण्याने व मऊ कापडाने, खाचेच्या दिशेने पुसाव्यात. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना मात्र स्पिरिट अथवा अल्कोहोल कदापि लावू नये. लाख त्यात विरघळते. तबकड्या उभ्याच ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत.

तिसरे, गती. यंत्राचा रबरी पट्टा सैल झाला असेल तर तो बदलावा. हा खर्च अल्प असतो. आपल्याकडील ५० आवर्तनांच्या विजेवर, १८० रेघांची चकती थाळीवर ठेवून ती निऑन दिव्याच्या उजेडात पाहावी. रेघा स्थिर दिसल्या म्हणजे ३३⅓ फेऱ्यांची गती बरोबर आहे. गती सुमारे सहा टक्क्यांनी वाढली, तर काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो! तबकडीसोबत पेटी धरणाऱ्या विद्यार्थ्यास ही चूक फार महाग पडते.

चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे, सुई. नीलमण्याची सुई काही दहा तासांतच झिजते. हिऱ्याची सुई शेकडो तास टिकते. जुन्या पेटीवजा यंत्रांतील सिरॅमिक कार्ट्रिज तबकडीवर चार-सहा ग्रॅमचा भार टाकते. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतो. त्यातही ज्याची सुई काढून दुसरी बसविता येते, असे कार्ट्रिज घ्यावे. उदाहरणार्थ, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ मालिकेत त्याच अंगावर ७८ फेऱ्यांसाठीची जाड सुईही बसते. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. बारीक सुई तिच्या तळाशी लोळते आणि खरखर वाढते. भार मोजण्याचा छोटा काटा स्वस्तात मिळतो. अंदाजाने भार ठरवू नये. फार कमी भारही घातकच, कारण सुई उड्या मारीत भिंतींवर आदळते.

येथे एक सावधगिरी हवी. चुंबकीय कार्ट्रिजचा विद्युत्दाब अगदी क्षीण, चार-पाच मिलिव्होल्टचा असतो. शिवाय तबकडी कोरताना मंद्र स्वर मुद्दाम दबलेले आणि तार स्वर उचललेले असतात. १९५४ च्या सुमारास रूढ झालेल्या प्रमाणानुसार ते पुन्हा समतोल करावे लागतात. ही दोन्ही कामे ‘फोनो प्रीअँप्लिफायर’ करतो. अँप्लिफायरवर ‘फोनो’ असे भोक नसेल, तर हे उपकरण वेगळे घ्यावे. भूतार जोडण्यास विसरू नये, अन्यथा षड्जाऐवजी विजेची घरघर ऐकू येईल! आणि ज्या पेटीयंत्राच्या दांडीवर नवे कार्ट्रिज बसतच नाही, त्याच्यावर पैसे ओतू नयेत. त्यात नवी सुई घालून ते आठवण म्हणून जपावे आणि मौल्यवान तबकड्यांसाठी समतोल भाराची दांडी असलेले जुने पण धडधाकट यंत्र शोधावे.

खर्चाची वाटणी विचाराल तर, हाती दहा रुपये असतील तेथे पाच सुई व कार्ट्रिजवर, दोन प्रीअँप्लिफायरवर, एक पट्टा व तेलपाण्यावर आणि एक स्वच्छतेवर घालावा. उरलेला एक गाठीस ठेवावा. अँप्लिफायर व स्पीकर चालू स्थितीत असतील तर त्यांना तूर्त हात लावू नये. नव्या मोठ्या स्पीकरांतून झिजल्या सुईची खरखर तेवढी अधिक मोठ्याने ऐकू येते. सुटे भाग येथून जवळच्या एस. पी. रोडवर धुंडाळता येतात; दुकानदाराशी कानडीत बोलावे, भावही बरा लागतो!

शेवटी एक विनंती. प्रत्येक कुटुंबाने आपल्या तबकड्यांची यादी करून ती मंडळाच्या ग्रंथालयात द्यावी. दुर्मिळ तबकडी नव्या सुईवर एकदा नीट वाजवून तिचे संगणकावर ध्वनिमुद्रण करून ठेवावे. पण म्हणून मूळ तबकडी रद्दीत घालू नये. उद्या अधिक चांगली सुई येईल आणि ती त्याच खाचेतून आजवर न ऐकलेले काही ऐकवील. आपल्या वडीलधाऱ्यांनी हे सूर घर सोडतानाही सोडले नाहीत. ते पुढच्या पिढीच्या कानांपर्यंत निर्मळ पोचविणे आपल्या ऐपतीत आहे आणि आपले कर्तव्यही आहे.