आमचं घर वेगळं आहे

(स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं आटोपशीर करून)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि दोन अटी घातल्या आहेत. धंद्याची जाहिरात करायची नाही, आणि व्यासपीठावरून कुणाच्या फ्लॅटचा भाव सांगायचा नाही. पहिली अट सोपी आहे. दुसरी अवघड, कारण सकाळी उपम्याच्या रांगेतच चौघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आमचं किती येईल रे?"

मी पुण्यात गेली सव्वीस वर्षं जुन्या फ्लॅटच्या खरेदी-विक्रीचं काम करतो. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे, थोडाफार सिंहगड रस्ता. कार्डावर 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' छापलंय, लोक एजंट म्हणतात, आणि माझी आई शेवटपर्यंत 'दलाली करतो' असंच सांगायची. 2023 मध्ये महारेराने एजंटांना परीक्षा सक्तीची केली, तेव्हा चोपन्नाव्या वर्षी मी पुन्हा अभ्यासाला बसलो. पास झालो. गणिताच्या सरांना हे मुद्दाम सांगतोय, त्यांना माझ्याबद्दल फारशी आशा नव्हती.

सव्वीस वर्षांत मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "आमचं घर वेगळं आहे." विकणारा प्रत्येक जण हे म्हणतो आणि मनापासून म्हणतो. त्याच्या घरात हवा खेळती असते, सकाळचं ऊन येतं, शेजार चांगला असतो. शेजारच्या इमारतीत तसाच फ्लॅट पंच्याऐंशीला गेला असं सांगितलं, की उत्तर ठरलेलं: "त्यांना घाई होती हो." आणि दुसरा कुणाचा एक कोटीला गेला असेल, तर तोच आपला भाव! त्याला लिफ्ट होती, झाकलेलं पार्किंग होतं, वर्षभरापूर्वी नवीन स्वयंपाकघर केलं होतं, हे सगळं गळून जातं.

माझी मुलगी अर्थशास्त्र शिकलीय. तिने मला एक प्रयोग सांगितला. काहनेमन, नेच आणि थेलर या तिघांचा, 1990 मध्ये प्रसिद्ध झालेला. निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचा मग दिला आणि विचारलं, कितीला विकाल? बाकीच्यांना विचारलं, कितीला घ्याल? विकणाऱ्यांचा आकडा घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. मग हातात येऊन फार वेळही झाला नव्हता! मी तिला म्हटलं, इथे माणसं त्या मगात चाळीस वर्षं राहिलेली असतात.

तेव्हा विकणारा लोभी असतो, असं मी म्हणणार नाही. काही असतात. पण बहुतेकांचा आकडा कुठून तरी आलेला असतो, आणि तो कुठून आला हे कळल्याशिवाय त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. कुणी रात्री बारा वाजता वेबसाइटवर भाव बघितलेले असतात. ते मागितलेले भाव असतात, मिळालेले नव्हेत. कुणी बिल्डरच्या नव्या स्कीमचा कार्पेटचा दर घेऊन तो आपल्या जुन्या करारातल्या बिल्टअपला गुणलेला असतो. कुणी रेडी रेकनरलाच भाव समजतं. ते तर सरकारने मुद्रांक शुल्कासाठी धरलेलं किमान मूल्य. कुणाला रीडेव्हलपमेंटची स्वप्नं पडत असतात, सोसायटीची साधी सभासद यादीसुद्धा पूर्ण नसताना. आणि सगळ्यात अवघड आकडा गरजेतून आलेला: "मला पुढचं घर घ्यायला एवढे लागतात, म्हणून एवढेच पाहिजेत." यावर काय बोलणार? घेणाऱ्याला आपल्या गरजेशी काही देणंघेणं नसतं, हे तोंडावर सांगणं जड जातं.

आकडा फुगवण्यात आमचेही लोक असतात, हे सांगायला हवं. घरमालक तीन एजंटांना बोलावतो आणि सगळ्यात मोठा आकडा सांगणाऱ्याला काम देतो. त्या एजंटला ठाऊक असतं की हा भाव येणार नाही. तो किल्ली घेतो, दीड महिना थांबतो आणि मग म्हणतो, "मार्केट पडलंय काका, थोडं खाली यावं लागेल." तुमच्यापैकी कुणी उद्या घर विकायला काढलं, तर आकडा सांगणाऱ्या एजंटला एवढंच विचारा की याच भागात, याच वयाच्या इमारतीत गेल्या वर्षात नोंदणी झालेले दोन-तीन व्यवहार दाखव. इंडेक्स टू ही काही गुप्त गोष्ट नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो.

आता एका घराची गोष्ट. तपशील थोडे बदललेत, माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून.

कोथरूडमधली तीन मजली इमारत, 1986 ची, लिफ्ट नाही. दुसरा मजला, दोन बेडरूम. काका गेले, काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. थोरला मुलगा अमेरिकेत, मुलगी ठाण्यात, धाकटा पुण्यातच पण दुसऱ्या टोकाला. घर विकून धाकट्याच्या जवळ, लिफ्टच्या इमारतीत काकूंसाठी छोटा फ्लॅट घ्यायचा, असं ठरलेलं. थोरल्याने आकडा काढला, एक कोटी पंधरा लाख. माझ्याकडे आले तेव्हा त्या भावाने फ्लॅट अकरा महिने बाजारात फिरलेला होता.

अकरा महिन्यांत फ्लॅट शिळा होतो. नवीन पार्टी पहिला प्रश्न हाच विचारते, "एवढे दिवस का गेला नाही? कागदात काही लफडं आहे का?" पण तो भाग सोडा. त्या अकरा महिन्यांत काकू जिना उतरल्या होत्या त्या फक्त दवाखान्यात जायला, खुर्चीत बसवून. खुर्ची धरायला दोन माणसं लागायची.

मी भाव खोडून काढायला गेलो नाही. कागद घेऊन बसलो आणि घेणाऱ्याचा हिशेब मांडला. समजा 88 लाखांना व्यवहार झाला. कर्ज पंचाहत्तर लाखांच्या आत असलं, तर बँक मूल्यांकनाच्या जास्तीत जास्त 80 टक्के देते, म्हणजे 70 लाख 40 हजार. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून 7 टक्के, म्हणजे 6 लाख 16 हजार. घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी. नोंदणीचे 30 हजार. घेणाऱ्याला पदरचे साधारण 24 लाख लागतात. आता भाव एक कोटी पंधरा धरा. बँकेचा व्हॅल्युअर येतो, तो तुमच्या खेळत्या हवेचे पैसे धरत नाही. त्याने फार तर 90 म्हटलं. कर्ज 72 लाख. मुद्रांक शुल्क वाढून 8 लाख 5 हजार. पदरचे लागतात 51 लाखांच्या वर. म्हणजे भावातले वरचे 27 लाख सगळेच्या सगळे घेणाऱ्याच्या खिशातून रोख यायला हवेत. आणि ज्याच्याकडे 51 लाख रोकड आहे तो लिफ्ट नसलेला दुसरा मजला कशाला घेईल? नवीन इमारतीत जाईल.

धाकट्याला हिशेब पटला, पण पोटात उतरला नव्हता. मग मी माझा नेहमीचा उपाय केला. त्याला म्हटलं, रविवारी माझ्याबरोबर घेणारा म्हणून चला. त्याच भागातले, तशाच इमारतींमधले तीन फ्लॅट दाखवले. पहिल्या दोन ठिकाणी तो काही बोलला नाही. तिसऱ्या घरातून खाली आल्यावर म्हणाला, "या लोकांना काही कळतं का? एक कोटी दहा? बाथरूमच्या फरशा बघितल्या का तुम्ही?" मी गाडी काढली. कर्वे पुतळ्यापर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो.

थोरल्याशी फोनवर बोलणं झालं, त्यांच्या सकाळी, आपल्या रात्री. त्यांना राग होता, आणि तो मला समजत होता. त्यांनी त्या घराचे हप्ते फेडायला वडिलांना मदत केली होती. ते मला म्हणाले, "तुम्हाला काय, लवकर विकलं की तुमची दलाली सुटते." हे त्यांचं बरोबरच आहे. एक टक्का दलालीने 88 वर मला 88 हजार मिळतात आणि एक पंधरावर एक लाख पंधरा हजार. त्यांच्या 27 लाखांत माझे फक्त 27 हजार. मी त्यासाठी वर्षभर कशाला थांबेन? लेव्हिट आणि सिव्हर्सन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी शिकागोच्या परिसरातले व्यवहार तपासले होते. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि 3.7 टक्के जास्त भाव मिळवतात, असं त्यांना आढळलं. मी हे थोरल्याला स्वतःहून सांगितलं. आणि विचारलं, 3.7 टक्के म्हणजे 88 वर किती? सव्वातीन लाख. सत्तावीस नव्हे.

मग थांबण्याचा खर्च काढला. 88 लाख बँकेत 7 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचे 6 लाख 16 हजार. शिवाय मेंटेनन्स आणि मिळकत कर. वर्ष थांबून पाच लाख जास्त मिळाले तरी वजाबाकीच होते. पाच इंडेक्स टू पाठवले. शेवटी ठरलं ते असं: एक महिना 96 ला ठेवायचं, कोण बघून गेलं आणि काय म्हणालं ते मी रोज वहीत लिहायचं, महिन्यानंतर वही तिघांनी वाचायची. चौदा जण येऊन गेले. नऊ जणांच्या नावापुढे 'लिफ्ट' एवढंच लिहिलं होतं.

या सगळ्यात काकूंना कुणी काही विचारलंच नव्हतं. एकदा वही घेऊन गेलो असताना मी सहज म्हटलं, "काकू, तुम्हाला किती यावेत असं वाटतं?" त्या म्हणाल्या, "मला भाजी हाताने निवडून घ्यायचीय. हा मुलगा ॲपवरून मागवतो, वांगी नेहमी जून निघतात." धाकट्याने ते भावंडांच्या ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं. आठ दिवसांनी बैठक झाली आणि व्यवहार 89 ला ठरला.

घरमालक नेहमीच चुकतो असं समजू नका. मयूर कॉलनीतल्या एका बाईंनी माझ्या अंदाजापेक्षा सहा लाख जास्त मागितले आणि घेतले. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या मुलीला आईवडिलांच्या खालीच घर हवं होतं. बाईंना ते माहीत होतं. असा एक गिऱ्हाईक असला तर ताणावं. पण त्याचं नाव-गाव ठाऊक हवं, 'येईल कुणीतरी' एवढ्यावर ताणू नये.

आपण सगळे आता त्या वयात आलोय. आईवडिलांची घरं आपल्यालाच विकायची आहेत, काहींनी विकली. म्हणून दोन कोरड्या गोष्टी. कर भरल्यावर हातात किती राहील, हे भाव ठरवण्याआधी सीएकडून काढून घ्या. जुलै 2024 पासून नियम बदललेत, जुन्या घराला दोन पद्धतींतली सोयीची निवडता येते. पण तो कर भावात चढवायला जाऊ नका, घेणारा तो देत नसतो. आणि एखादं भावंड परदेशात स्थायिक असेल, तर त्याच्या हिश्शावर घेणाऱ्याला नेहमीचा एक टक्का नाही, बराच जास्त टीडीएस कापावा लागतो. कमी कापण्याचा दाखला आयकर विभागाकडून आधी काढता येतो. साठेखताच्या टेबलावर हे कळलं, तर तिथेच भावंडांची जुंपते. मी पाहिलंय.

एकच सांगून थांबतो, जेवण लागलंय. एरंडवण्यातले एक गृहस्थ भावाच्या बाबतीत अजिबात हलत नव्हते. चार बैठका फिसकटल्या. पाचव्या वेळी मी एकटाच गेलो. बोलता बोलता ते उठले आणि आतल्या खोलीतलं भिंतीतलं कपाट उघडून दाखवलं. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने खुणा होत्या, दोन्ही मुलांच्या उंचीच्या, प्रत्येक दिवाळीच्या, वर्षासकट. म्हणाले, "घेणारा हे सगळं तोडणार ना?" म्हटलं, हो, तोडणार. पण दार तुम्ही न्या की. त्याच्या दृष्टीने ते भंगारच आहे.

दुसऱ्या दिवशी मी सुतार घेऊन गेलो. त्याने बिजागऱ्या सोडवल्या, दार जुन्या चादरीत गुंडाळलं आणि टेम्पोत घातलं. पुढच्या बैठकीत ते गृहस्थ चार लाखांनी खाली आले. सुताराची मजुरी मी दिली, आणि दलालीतून वळती केली नाही.