दिवाळे कोणाचे, मुक्ती कोणाला?

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



'त्याने दिवाळे काढले' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात अब्रू गेल्याची कुजबुज असते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र दिवाळे ही एक उपयुक्त व्यवस्था आहे. फेडीची शक्ती संपलेल्या माणसाची उरलीसुरली मालमत्ता सर्व धनकोंत न्यायाने वाटावी आणि त्याला पुन्हा उभे राहू द्यावे, हे तिचे प्रयोजन. ही व्यवस्था आपल्याकडे कोणाच्या उपयोगी पडते, एवढाच प्रश्न मला आज मांडायचा आहे.

प्रथम क्रेडिट कार्डाचे कर्ज घेऊ. खामगाव-मलकापूरचा नोकरदार आणि छोटा दुकानदारही आज या कार्डावर उधारी करतो. थकलेल्या रकमेवर महिना तीन ते साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज चढू शकते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांवरील व्याज अनुचित ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. सावकाराच्या व्याजाला आपण पिळवणूक म्हणतो, मग या व्याजाला काय म्हणावे?

अशा कर्जदारासाठी कायदा नाही असे नाही. १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आपल्या जिल्ह्यात आजही लागू आहे. न्यायालयाने कर्जदाराला नादार ठरविले की कोणत्याही विनातारण धनकोला न्यायालयाच्या परवानगीवाचून त्याच्या मालमत्तेवर चालून जाता येत नाही. कार्डाचे कर्ज विनातारण असते. म्हणून बँक इतर तशाच धनकोंच्या रांगेत उभी राहते, मालमत्तेतून प्रमाणशीर वाटा घेते, आणि न्यायालयाने मुक्तीचा आदेश दिला की उरलेली बाकी संपते. शेतकऱ्याचे राहते घर, बैल, औते, बियाणे आणि कारागिराची हत्यारे यांना हात लागत नाही. तारणाचे कर्ज, सरकारी देणी आणि फसवणुकीने काढलेले कर्ज मात्र सुटत नाही. जामीनदारही सुटत नाही. किसान क्रेडिट कार्डावरचे पीककर्ज नावाने कार्डाचे असले, तरी त्यात पीक तारण असते, हा भेद ध्यानात ठेवावा.

या कायद्याचे ४२ वे कलम आपण सर्वांनी मुळातून वाचावे असे आहे. मालमत्ता विनातारण कर्जाच्या रुपयामागे आठ आणेही भरत नसेल, तर पूर्ण मुक्ती नाकारावी, असे ते सांगते. परंतु ज्या परिस्थितीचा दोष कर्जदाराच्या माथी न्यायाने मारता येत नाही, तिच्यामुळे ही वेळ आली असेल तर ही अट आड येत नाही. पावसाने दिलेली दडी आणि सोयाबीन-कापसाचा कोसळलेला भाव याहून अशी दुसरी परिस्थिती कोणती? शंभर वर्षांपूर्वीच्या परकीय राजवटीच्या कायद्यात ही फट आहे; पण ती दाखवून देणारा वकील कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नाही.

२०१६ च्या नव्या संहितेने व्यक्तींसाठी वेगळा भाग केला. वार्षिक उत्पन्न ६०,००० आणि कर्ज ३५,००० रुपयांच्या आत असलेल्या गरिबाला नव्याने आरंभ करू देण्याची तरतूद त्यात आहे. परंतु तो भाग २०१९ च्या डिसेंबरात अमलात आला, तो केवळ कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्यांपुरता. कंपन्यांचे काम मात्र थांबले नाही. २०२१ साली व्हिडिओकॉन समूहासाठी मंजूर झालेल्या योजनेत धनकोंनी सुमारे ९५ टक्के रक्कम सोडण्याची तयारी दाखविली होती. पुढे ती योजना अपिलात रद्द झाली, हे खरे. पण ती तयारी पुरेशी बोलकी आहे.

आपल्या जिल्हा बँकेचेच उदाहरण घ्या. २०१४ साली देशातील परवाना नसलेल्या २३ जिल्हा बँकांना सावरण्यासाठी २,३७५ कोटी रुपयांची योजना आखण्यात आली. त्यांत नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन बँका होत्या. ते योग्यच झाले, कारण ठेवीदार आपलेच होते. परंतु बँकेला जो न्याय, तो तिच्या कर्जदाराला का नाही?

कर्ज बुडविण्याची सवय लागेल, असा आक्षेप घेतला जातो. वस्तुतः नादाराला सर्व हिशेब न्यायालयापुढे उघडा करावा लागतो आणि मुक्तीचा आदेश मिळेपर्यंत त्याला विधिमंडळाची निवडणूकही लढविता येत नाही. सरसकट कर्जमाफीत अशी छाननी कोठे असते? शिवाय ती माफी खाजगी सावकारापर्यंत पोचत नाही. १९७५ चा महाराष्ट्राचा कर्जमुक्ती कायदा तेथवर पोचला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तो वैध ठरविला, याचे स्मरण ठेवावे. उलट, खामगावात २००६ साली एका सावकारी कुटुंबाविरुद्धच्या तक्रारीत मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाने हस्तक्षेप केला, म्हणून त्याच न्यायालयाने २०१० साली राज्य शासनावर दहा लाखांचा भुर्दंड बसविला. कायदा असणे आणि तो दारापर्यंत पोचणे यांतील अंतर याच जिल्ह्याने पाहिले आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव चार गोष्टी सांगाव्यात. ऐपत नसल्याने कर्ज थकणे हा गुन्हा नाही. केवळ गरिबीपायी कर्जदाराला तुरुंगात टाकता येत नाही, हे १९८० सालीच ठरले आहे. वसुलीवाल्याला सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर दूरध्वनी करण्याची मुभा नाही. मृताचे कर्ज वारसांवर येते, ते त्यांच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतेच. आणि बेकायदा सावकाराने पंधरा वर्षांच्या आत बळकावलेली जमीन २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून परत मागता येते.

यापुढची मागणी शासनाकडे आहे: व्यक्तींच्या नादारीचा भाग सर्वांसाठी लागू करावा, त्यातील मर्यादा आजच्या महागाईला धरून वाढवाव्यात आणि तालुक्याच्या ठिकाणी मोफत वकील द्यावा. या जिल्ह्यातील कित्येक घरांत कर्जाचा हिशेब कर्त्या माणसाच्या जिवाने चुकता झाला आहे. न्यायालयातून सुटण्याचा मार्ग आहे, एवढे जरी वेळेवर त्या घरापर्यंत पोचले, तरी या अभ्यासवर्गाचे चीज झाले असे मी मानीन.