नामवंतांची बालपुस्तके आणि आदर्शांचा बाजार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय आपण प्रश्नाच्या रूपाने माझ्यापुढे ठेवला आहे. मुलांसाठी पुस्तके लिहिणाऱ्या नामवंतांना मुलांनी आदर्श मानावे काय? अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला हा विषय का दिला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु या प्रश्नाचा निम्मा भाग बालसाहित्याचा आणि निम्मा बाजारपेठेचा आहे. दुसरा भाग नीट समजल्याखेरीज पहिल्याचे उत्तर देता येत नाही. माझे उत्तर प्रारंभीच सांगून टाकतो. मानू नये. नामवंत मंडळी वाईट असतात, असा माझा आक्षेप नाही. त्यांच्यापैकी काही जण चांगली असतात, काही चांगले लिहितातही. तरीही हा आदर्श मुलांपर्यंत ज्या वाटेने येतो, ती वाट आपण तपासली पाहिजे.

प्रसिद्ध व्यक्तींनी मुलांसाठी लिहिण्याची प्रथा इंग्लंड-अमेरिकेत जुनी आहे. अभिनेत्री ज्यूली अँड्र्यूज यांची ‘मँडी’ ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. इंग्लंडचे तेव्हाचे युवराज आणि आजचे राजे चार्ल्स यांनी धाकट्या भावांना सांगितलेली गोष्ट १९८० साली पुस्तकरूपाने आली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या १९९५ सालच्या बालपुस्तकातील चित्रे त्यांच्या कन्येने काढली होती. ही तिन्ही पुस्तके घरातल्या मुलांसाठी रचलेल्या गोष्टींतून उगवली. त्यांच्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही.

पुढे मात्र या प्रथेचे स्वरूप पालटले. २००३ साली गायिका मॅडोना यांचे ‘द इंग्लिश रोझेस’ हे बालपुस्तक एकाच दिवशी शंभराहून अधिक देशांत आणि तीस भाषांत विक्रीस ठेवण्यात आले. एखादे नवे शीतपेय बाजारात उतरवावे, तसा तो प्रकार होता. २०१४ साली झोई सग या इंग्लंडमधील तरुणीची ‘गर्ल ऑनलाइन’ ही किशोरांसाठीची कादंबरी आली. ही तरुणी यूट्यूबवरील चित्रफितींमुळे लक्षावधी मुलींना ठाऊक झालेली होती. पहिल्याच आठवड्यात कादंबरीच्या ७८ हजारांहून अधिक प्रती खपल्या. पदार्पण करणाऱ्या कोणत्याही लेखकाच्या पुस्तकाची पहिल्या आठवड्यातील इतकी विक्री तोवर तेथे नोंदली गेली नव्हती. त्यानंतर थोड्याच दिवसांत, हे पुस्तक तिने एकटीने लिहिलेले नाही, हे प्रकाशकांना मान्य करावे लागले. मुखपृष्ठावर एक नाव आणि आतल्या श्रमात दुसऱ्याचा वाटा, अशी ही व्यवस्था आहे. ज्यांनी श्रम आणि श्रमाचे मोल यांचा विचार केला आहे, त्यांना ती नवी वाटू नये.

याचे अर्थशास्त्र अवघड नाही. रिकार्डोने जमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले, ते येथे बऱ्याच अंशी लागू पडते. जमीन मर्यादित असते. मोक्याच्या जमिनीचा मालक स्वतः नांगर न धरताही खंड घेऊ शकतो. प्रसिद्ध नाव ही अशीच मोक्याची जमीन होय. चित्रपटातून, क्रीडांगणावरून किंवा दूरचित्रवाणीवरून मिळविलेली ओळख बालसाहित्याच्या क्षेत्रात आणली की तिच्यावर खंड मिळू लागतो. अपरिचित लेखकाचे पुस्तक लोकांना ठाऊक करून देण्यासाठी प्रकाशकाला पदरचा पैसा घालावा लागतो. नामवंताच्या मुलाखती मात्र वृत्तपत्रे आपण होऊन छापतात. प्रकाशक दुष्ट असतो म्हणून नामवंताकडे वळतो, असे नव्हे. बुडण्याचा धोका कमी, म्हणून तो वळतो. दुकानाच्या दर्शनी टेबलावर जागा मोजकीच असते. तेथे एक पुस्तक आले की दुसरे मागच्या फळीवर जाते.

मागे गेलेल्यांची स्थिती काय आहे? ब्रिटनमध्ये लेखकांच्या मिळकतीची पाहणी ठरावीक काळाने होते. ज्यांचा मुख्य व्यवसायच लेखन आहे अशा लेखकांची लेखनापासूनची मध्यक मिळकत २००६ साली वर्षाला १२,३३० पौंड होती. २०२२ सालच्या पाहणीत ती ७,००० पौंडांवर आली. मधल्या काळातील महागाई जमेस धरली तर ही घसरण याहूनही मोठी ठरते. या सगळ्याचा दोष नामवंतांच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. त्याला इतरही कारणे आहेत. परंतु ज्या व्यवसायात पूर्णवेळ राबणाऱ्याचे पोट भरत नाही आणि पाहुणा म्हणून आलेल्याला मोठी आगाऊ रक्कम मिळू शकते, त्या व्यवसायाची घडी बिघडली आहे, एवढे निश्चित.

हे लोण आपल्याकडेही येऊन पोहोचले आहे. अभिनेत्री आलिया भट्ट यांचे ‘एड फाइंड्स अ होम’ हे इंग्रजी बालपुस्तक २०२४ साली मुंबईत प्रकाशित झाले. त्यातील मुलीचे नाव आलिया आणि कुत्र्याचे नाव एड. श्रीमती भट्ट यांनी २०२० साली मुलांच्या कपड्यांचा जो व्यवसाय सुरू केला, त्याचे नाव ‘एड-अ-मम्मा’. २०२३ साली या व्यवसायाचा ५१ टक्के हिस्सा रिलायन्सच्या किरकोळ विक्री करणाऱ्या कंपनीने घेतला. पुस्तक प्राण्यांवर आणि निसर्गावर प्रेम करायला सांगते, हे चांगलेच आहे. परंतु गोष्टीतले नाव आणि सदऱ्यावरचे नाव एकच असेल, तर पुस्तक कोठे संपते आणि जाहिरात कोठे सुरू होते, हे सहा वर्षांच्या मुलाने ओळखायचे कसे? मोठ्या माणसाला निदान संशय घेता येतो. मुलाला तो घेता येत नाही.

आता आदर्शाकडे वळू. नामवंताच्या बालपुस्तकाबरोबर एक न छापलेला माल विकला जातो. तो म्हणजे त्याची प्रतिमा. पुस्तक नाव विकते आणि नाव पुस्तक विकते. एक कोसळले की दुसरेही कोसळते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विनोदी नट बिल कॉस्बी यांचे उदाहरण पाहा. दूरचित्रवाणीवरील आदर्श पिता म्हणून सारा देश त्यांना ओळखत होता. १९९७ पासून त्यांची ‘लिटल बिल’ ही पुस्तकमाला निघाली. कृष्णवर्णीय मुलांना आपल्यासारखा नायक गोष्टीत भेटावा, ही तिची मोठी जमेची बाजू होती. पुढे अनेक स्त्रियांनी कॉस्बी यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. अमेरिकेतील ग्रंथालय संघटना, ज्या पुस्तकांवर सर्वाधिक आक्षेप आले त्यांची यादी दरवर्षी प्रसिद्ध करते. २०१६ च्या यादीत ‘लिटल बिल’ आली. आक्षेप पुस्तकांतील मजकुरावर नव्हता, लेखकावरील आरोपांमुळे होता. २०१८ साली कॉस्बी दोषी ठरले. २०२१ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्यांना योग्य कायदेशीर प्रक्रियेचा लाभ मिळाला नाही या कारणावरून, ती शिक्षा रद्द केली. या पुस्तकांची चित्रे व्हार्नेट हनीवूड या कृष्णवर्णीय स्त्री चित्रकाराची होती. त्यांचा यात काय अपराध? ज्या मुलाला त्या चित्रांत आपले घर दिसले, त्याचा काय अपराध? पुस्तकाला एका माणसाच्या प्रतिमेवर उभे केले, त्याची किंमत या दोघांनी मोजली.

दुसरे उदाहरण इतके काळेकुट्ट नाही, म्हणून अधिक बोधप्रद आहे. इंग्लंडचे प्रसिद्ध पाककलातज्ज्ञ जेमी ऑलिव्हर यांनी २००५ साली शाळेतील निकृष्ट जेवणाविरुद्ध दूरचित्रवाणीवरून मोहीम चालविली. सरकारला शाळेच्या जेवणासाठी २८ कोटी पौंडांची घोषणा करावी लागली. हे काम आदरणीय होते. याच ऑलिव्हर यांचे एक बालपुस्तक २०२४ साली आले. त्यात ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी मुलीचे अपहरण होते. ज्या समाजाची मुले सरकारने पिढ्यानपिढ्या आईबापांपासून हिरावून नेली, त्या समाजाला न विचारता ही गोष्ट रचली गेली होती. आदिवासींच्या संघटनांनी आवाज उठविताच ऑलिव्हर यांनी क्षमा मागितली आणि प्रकाशकांनी पुस्तक मागे घेतले. आता या गृहस्थांना आदर्श मानावे की न मानावे? प्रश्नच चुकीचा आहे, हे आपल्या लक्षात येईल. २००५ सालची कृती अनुकरणीय होती, २०२४ सालचे पुस्तक नव्हते. आदर्श कृतीत शोधावा, व्यक्तीत शोधू नये.

या दृष्टीने फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड यांच्याकडे पाहावे. २०२० च्या जूनमध्ये, कोरोनाच्या साथीत, उन्हाळी सुट्टीत गरीब मुलांच्या शाळेतील मोफत जेवणाची सोय बंद राहणार होती. स्वतः गरिबीत वाढलेल्या या तरुणाने संसद सदस्यांना जाहीर पत्र लिहिले आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने माघार घेतली. सुमारे १३ लक्ष मुलांसाठी १२ कोटी पौंडांची तरतूद झाली. पुढील वर्षी त्यांचे मुलांसाठीचे पुस्तक आले, त्यावर सहलेखक कार्ल अँका यांचे नाव उघडपणे छापलेले होते. पुस्तके विकत घेऊ न शकणाऱ्या मुलांपर्यंत ती पोहोचावीत म्हणून त्यांनी वाचन मंडळही काढले. मी स्वतः सतराव्या वर्षी वाचू लागलो, असे त्यांनी सांगितले आहे. पुढे रॅशफर्ड यांच्या खेळाविषयी आणि वागण्याविषयी बरीच उलटसुलट चर्चा झाली. होऊ द्या. २०२० च्या उन्हाळ्यात मुलांच्या पोटात गेलेला घास त्यामुळे परत निघत नाही.

तथापि येथेही समाजवाद्याने थांबून विचार केला पाहिजे. जगातल्या श्रीमंत देशांत गणना होणाऱ्या राष्ट्रातील मुलाचे जेवण एका खेळाडूच्या पत्रावर का अवलंबून असावे? आपल्या देशात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतून शिजवलेले मध्यान्ह भोजन देण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. अंमलबजावणीत दोष अनेक आहेत, पण त्या भोजनावर मुलाचा हक्क आहे. हक्काला नायक लागत नाही. नायकामुळे जे मिळते, ते नायक थकला की थांबते.

आपल्यापैकी कोणी विचारील, मग साने गुरुजींचे काय? तेही मुलांचे लेखक आणि मुलांचे आदर्श नव्हते काय? होते. पण क्रम पाहा. गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, वसतिगृहातील मुलांची शुश्रूषा करीत होते, सत्याग्रहात तुरुंगात गेले. ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. कीर्ती आधी आणि पुस्तक मागाहून, असे तेथे घडले नाही. शिवाय त्या पुस्तकातला श्याम स्वतःला आदर्श म्हणून पुढे करीत नाही. तो खोटे बोलतो, हट्ट करतो, आईकडून शिकतो. वाचणाऱ्या मुलाचे लक्ष लेखकाच्या मोठेपणाकडे जात नाही, आईच्या वागण्याकडे जाते. चांगल्या बालपुस्तकाची ही खूणच म्हणता येईल.

नामवंतांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो दुबळा नाही. निदान त्यांच्या नावामुळे मुले पुस्तकाकडे वळतात, असे म्हणतात. वळतात, हे खरे. पण कोणती मुले? ज्यांचे पालक त्यांना पुस्तकांच्या दुकानात नेतात ती. ज्या घरात पुस्तक विकत घेण्याची ऐपत नाही, तेथील मुलाला नामवंताचे नाव दुकानाच्या काचेपर्यंत आणून सोडते. आत नेण्याचे काम सार्वजनिक ग्रंथालयाचे. ब्रिटनमध्ये २०१० ते २०१९ या काळात काटकसरीच्या नावाखाली सुमारे ८०० ग्रंथालये बंद झाली. बालसाहित्यात नामवंतांची गर्दी वाढत होती, तो काळही हाच. एकामुळे दुसरे घडले, असा माझा दावा नाही. दोन्हींच्या मुळाशी मात्र एकच वृत्ती आहे. सामाजिक जबाबदारी बाजारावर सोपवावी आणि उरलेली पोकळी चेहऱ्यांनी भरावी, ही ती वृत्ती.

त्याच देशात याच्या उलट विचाराचा एक सुंदर कायदा आहे. १९७९ साली मजूर सरकारच्या काळात संमत झालेल्या या कायद्यानुसार, सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक जितक्या वेळा वाचायला नेले जाते, त्या प्रमाणात लेखकाला सरकारी निधीतून मोबदला मिळतो. मात्र एका लेखकाला वर्षाला ६,६०० पौंडांपेक्षा अधिक मिळत नाहीत. नामवंत असो वा अनामिक, मर्यादा सर्वांना एकच. त्यामुळे वरच्यांकडून वाचलेला पैसा खालच्या लेखकांपर्यंत झिरपतो. बाजार नावाला खंड देतो. हा कायदा वाचल्या गेलेल्या पुस्तकाला मोल देतो आणि त्या मोलालाही कमाल मर्यादा घालतो. कमाल जमीनधारणेच्या कायद्यासाठी झगडलेल्या आपल्या चळवळीला यातील न्याय समजावून सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. गावोगावी ग्रंथालये उभी राहिली. आपल्या गावच्या ग्रंथालयात बालविभाग आहे काय, त्यात गेल्या वर्षभरात किती नवी पुस्तके आली, ती कोणत्या लेखकांची होती, सेवकाला महिन्याला किती पैसे मिळतात, हे प्रत्येक कार्यकर्त्याने पुढील महिन्याभरात जाऊन पाहावे. शाळेच्या बक्षीस समारंभाला पाहुणा बोलावण्याची वेळ आली तर मालिकेतल्या नटाऐवजी मुलांसाठी सातत्याने लिहिणारा लेखक, चित्रे काढणारा चित्रकार किंवा त्याच गावचा ग्रंथपाल बोलवावा. आणि व्यक्तिपूजेला विरोध करणाऱ्या आपण, आपल्या पुढाऱ्यांच्या चरित्रकथा मुलांच्या हाती देतानाही हीच कसोटी लावावी. त्या कथेत मुलाला विचार करायला जागा आहे काय, एवढेच पाहावे.

मुलांना चांगली पुस्तके हवीत, ती फुकट वाचायला मिळावीत आणि ती लिहिणाऱ्याचे पोट भरावे. या तीन गोष्टी झाल्या तर आदर्श कोणाला मानायचे, हे मुले आपले आपण ठरवतील. आपण त्यांना तेवढे स्वातंत्र्य द्यावे, एवढे सांगून मी थांबतो.