प्रवासिनीची पिशवी

प्रवासाला निघालेल्या माणसाची पारख करावयाची असेल, तर त्याच्या कपड्यांपेक्षा त्याच्या हातातील पिशवीकडे पाहावे. कपडे चारचौघांच्या रीतीप्रमाणे निवडलेले असतात. पिशवीत काय भरावयाचे हे मात्र ज्याचे त्याने ठरविलेले असते. त्यातून ती पिशवी स्त्रीची असेल, तर तिच्यात रुमाल, कंगवा आणि किल्ल्या एवढेच नसते. घरापासून दूर असताना कोणापुढे हात न पसरता वावरण्याची सोयही तिच्यातच असते. म्हणून हँडबॅगेचा विषय वरवर पाहता नटण्यामुरडण्याचा वाटला, तरी तो तेवढ्यावर संपत नाही.

आपल्याकडे ही वस्तू नवी नाही. पान, सुपारी, चुना, कात यांचे निरनिराळे कप्पे असलेली चंची आणि नाडी ओढून तोंड आवळावयाचा बटवा या दोन्ही जुन्या घरांतून परिचित होत्या. भोपाळचे जरीचे व मण्यांचे बटवे तर दूरवर नावाजलेले. ‘आजीबाईचा बटवा’ हा शब्दप्रयोग सुंठ, वेखंड, मायफळ यांच्या औषधी साठ्याला लागला, तो याच वस्तूवरून. पैशासाठी मात्र स्त्रीला निराळी पिशवी लागत नसे. नऊवारीची कनवट आणि पदराची गाठ हीच तिची पेढी होती. त्या गाठीत आठ-बारा आणेच असत. पण ते तिचे असत, आणि भाजी आणताना चार पैसे वाचवून ते तेथे कसे आले, हे तिच्याखेरीज कोणास ठाऊक नसे.

युरोपातही असेच होते. तेथील स्त्रिया घेरदार झग्याच्या आत कमरेला बांधलेल्या खिशांत आपल्या वस्तू ठेवीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस अंगासरशी, पातळ वस्त्रांची रीत आली आणि आतल्या खिशांना जागा उरली नाही. मग छोटी नाडीची पिशवी हातात आली. नऊवारीच्या जागी पाचवारी आली तेव्हा मराठी घरांतही तेच घडले. कनवट सुटली आणि पर्स हातात आली. एकाच कारणाने दोन दूरच्या मुलुखांत एकच वस्तू रुजली. तेव्हा तिला नुसते परक्यांचे अनुकरण म्हणणे न्यायाचे होणार नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावरील दोन वर्षे या बाबतीत ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. १९५५ साली पॅरिसमध्ये कोको शानेल हिने खांद्यावर अडकविण्याच्या साखळीची हँडबॅग काढली. बॅग धरण्यात एक हात अडकून राहू नये, हा तिचा सरळ हिशेब होता. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, मोनॅकोची राजवधू ग्रेस केली हिने आपले गरोदरपण छायाचित्रकारांपासून झाकण्यासाठी हातातील चामड्याची बॅग पुढे धरली. ते छायाचित्र जगभर गेले आणि ती बॅग पुढे तिच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच १९५६ सालच्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने भारतातील हिंदू स्त्रीला तिच्या ताब्यातील मालमत्तेवर पूर्ण मालकी दिली. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता व तेथील कायदा निराळा होता. या घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु पिशवी कशी दिसते हा एक प्रश्न, आणि तिच्यातील पैसा कोणाचा हा दुसरा प्रश्न; या दोहोंतील दुसरा अधिक महत्त्वाचा, हे त्यांच्या शेजारावरून सहज कळते.

आजच्या फॅशनच्या जगात सर्वांत गाजलेली बॅग ‘बर्किन’ ही होय. तिची कथा प्रवासातच सुरू होते. अभिनेत्री जेन बर्किन वेताची साधी टोपली घेऊन सर्वत्र हिंडत असे. १९८४ साली पॅरिसहून लंडनला जाताना विमानात तिच्या सामानाची सांडलवंड झाली. शेजारी एर्मेस या पेढीचे प्रमुख जाँ-लुई द्युमा बसले होते. त्या दोघांच्या बोलण्यातून नव्या बॅगेची कल्पना निघाली. पुढे त्या नावाच्या बॅगा मिळविण्यासाठी श्रीमंतांची रीघ लागली आणि कित्येक बॅगा कपाटातून बाहेर न पडताच प्रतिष्ठेच्या ठरल्या. स्वतः बर्किनबाईंनी मात्र आपली बॅग भरभरून वापरली, तिच्यावर चिकटचित्रे लावली, तिला नखे कापण्याची कात्री लटकविली आणि १९९४ साली ती सेवाकार्यासाठी लिलावात देऊन टाकली. तीच झिजलेली बॅग २०२५ साली पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना, म्हणजे ८० कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकली गेली. कोऱ्या बॅगांना जी किंमत आली नाही, ती वापरलेल्या बॅगेला आली.

स्वतःची अशी शैली म्हणतात ती यापेक्षा निराळी नसते. महाविद्यालयीन पिढीने खांद्यावर घेतलेली शबनम पिशवी, शांतिनिकेतनची बाटिक काम केलेली चामडी बॅग, कच्छच्या आरशांची थैली, लमाणी स्त्रियांच्या सुईतून उतरलेली रंगीबेरंगी पिशवी, यांपैकी एकही छापील नावामुळे शोभत नाही. जिच्या खांद्यावर ती आहे तिला ती साजते की नाही, आणि जेथे जावयाचे तेथे ती कामाला येते की नाही, एवढेच पाहावयाचे.

ही कसोटी उत्सवाच्या गर्दीत चांगली लागते. इंदूरची रंगपंचमीची गेर पाहावयास जाणारीने भारी चामड्याची बॅग घरीच ठेवावी. राजवाड्याच्या परिसरात रंगाचे फवारे मजल्यांइतके उंच उडतात, तेथे धुता येणारी कापडी पिशवीच खरी. बडोद्याच्या गरब्यात टाळीसाठी दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून पट्टा आडवा घ्यावा. युनेस्कोने २०२३ साली गुजरातचा गरबा मानवतेच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला; पण रिंगणात शिरलेल्या बाईला त्या यादीपेक्षा सुटणाऱ्या पट्ट्याची काळजी अधिक. गोव्यात चवथीला कोणाच्या घरी माटोळी पाहावयास जावे, तर देवाजवळ चामडे न नेण्याचा पाळ अनेक घरांत असतो, हे आधी जाणून असावे. बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ रात्र जागवितात; तेथे पिशवीत पाण्याची बाटली आणि पातळ शाल असली की पुरे.

उत्सव म्हटला की खाणे आलेच. प्रवासात खाण्याचाही एक विवेक आहे. काही पदार्थ बरोबर नेण्याचे असतात, काही तेथेच खाण्याचे. बेळगावचे मांडे आणि कुंदा, बडोद्याचा चिवडा, ग्वाल्हेरच्या बाजूची गजक ही कोरडेपणामुळे किंवा आटवल्यामुळे वाट सोसतात. हळदीच्या पानात उकडलेली गोव्याची पातोळी मात्र वाफ निवण्यापूर्वी खावी. ती नागपंचमीला हिंदू घरांत होते, आणि पंधरा ऑगस्टच्या मारियेच्या सणाला ख्रिस्ती घरांतही होते. पान एकच, चूल वेगळी. इंदुरात रात्री सोन्याचांदीची दुकाने मिटल्यावर सराफ्यात ज्या शेगड्या पेटतात, तेथला भुट्ट्याचा कीस किंवा थंडीतला गराडू डब्यात भरून आणण्यात अर्थ नाही. तो तेथेच, उभ्याउभ्या, शेजारच्या अनोळखी माणसाला थोडी जागा करून देत खावयाचा असतो.

पुष्कळ प्रवासी घरची शिदोरी एवढी भरून नेतात, की परक्या गावाची चव घेण्याची भूकच उरत नाही. उलट काहीजण पहिल्याच दिवशी सर्व काही खाऊन दुसऱ्या दिवशी धर्मशाळेत पडून राहतात. शहाणी प्रवासिनी पहिल्या दिवसापुरते दशम्या आणि चटणी बांधून घेते. पुढे जे गरम, जे डोळ्यांदेखत तळले वा उकडले जाते, ते थोडे थोडे चाखते. यजमानाच्या घरी न आवडणारा पदार्थ पानात पडला, तर नाक न मुरडता घासभर खाते, आणि आवडलेल्याची कृती त्या घरच्या बाईला विचारते. त्या विचारण्याने यजमानीणीला जेवढा आनंद होतो, तेवढा महागड्या भेटवस्तूनेही होत नाही.

म्हणून निघताना पिशवी तोंडापर्यंत भरू नये. स्वतःचे चार पैसे, घरची किल्ली, औषधाची पुडी आणि एक स्वच्छ रुमाल यांना पक्की जागा असावी. बाकी जागा रिकामी ठेवावी. परतताना तेथे परक्या घरच्या पाककृतीचा कागद, सणाचा प्रसाद आणि शेजारणीसाठी आणलेला कुंदा मावावयाचा असतो.