आधी हसा, मग विचारा : चिपच्या तीन गोष्टी

(तळेगाव दाभाडे इथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय होता 'वैज्ञानिक दृष्टिकोन'. हे शब्द ऐकले की मागच्या रांगेतली मुलं मोबाइल काढतात. मला माहीत आहे, कारण मीही मागच्याच रांगेत बसायचो. म्हणून विषय जरा वाकवून घेतो. आज आपण विनोदांवर बोलू.

विज्ञानाची किंवा तंत्रज्ञानाची मोठी बातमी आली की आपण पहिलं काय करतो? हसतो. दहा मिनिटांत जोक तयार, अर्ध्या तासात तो खाला-फूफीच्या ग्रुपवर. यात वाईट काही नाही. नवी गोष्ट अंगावर आली की माणूस हसून तिला आपल्या मापाची करून घेतो. पण हसून झाल्यावर आपण काय करतो, ते मला बोलायचं आहे. त्यासाठी एकाच शब्दाच्या तीन गोष्टी सांगतो. शब्द आहे 'चिप'.

पहिली गोष्ट आपल्याच गावची. वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येणार, अशी चर्चा २०२२ मध्ये जोरात होती. आकडा होता दीड लाख कोटी रुपयांच्या वरचा. मग १३ सप्टेंबर २०२२ ला गुजरात सरकारशी करार झाल्याची बातमी आली. मुंबईत आरोप-प्रत्यारोप सुरू झाले. आपल्या टपरीवर मात्र वेगळंच चाललं होतं. एक जण म्हणाला, "सेमीकंडक्टर म्हणजे अर्धा कंडक्टर ना? तिकीट देणार, सुट्टे नाही देणार." आमचे चाचा म्हणाले, "चिप्स का कारखाना गया तो जाने दे. इत्ते बटाटे काँ से लाते थे?" लगेच पलीकडून उत्तर आलं, "सातगाव पठारावरून!" चहा नाकातून यायची वेळ आली. मीही हसलो.

रात्री घरी हाच जोक सांगितला. नववीतली भाची हसली आणि म्हणाली, "मामू, पण चिपला चिप का म्हणतात?"

मला उत्तर येईना. मी चाकणच्या पट्ट्यात मशीनच्या देखभालीचं काम करतो. मशीन बंद पडली की कंट्रोलचं कार्ड काढतो, दुसरं लावतो. त्या कार्डावर चिपांची रांग असते. इतकी वर्षं त्या हाताळल्या, पण हा प्रश्न कधी पडला नव्हता. मग दोघं शोधायला बसलो.

वाळूत, गारगोटीत सिलिकॉन असतं. ते वेगळं काढून इतकं शुद्ध करतात की शंभर कोटी अणूंत एखादाच परका अणू राहावा. ते वितळवून त्याचा लांब दंडगोल ओढून काढतात. मग त्या दंडगोलाच्या पातळ चकत्या करतात. त्या चकतीला काय म्हणतात? वेफर! मोठ्या कारखान्यांत ही चकती ३०० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे भाकरीच्या तव्याएवढी असते. तिच्यावर थरावर थर देऊन अतिसूक्ष्म नक्षी कोरतात आणि शेवटी तिचे चौकोनी तुकडे करतात. तो तुकडा म्हणजे चिप. म्हणजे चाचांचा बटाटा अगदीच चुकीचा नव्हता. दोन्हीकडे काम चकत्या करायचंच.

आणि तो अर्धा कंडक्टर? विज्ञानाच्या मराठी पुस्तकात सेमीकंडक्टरला 'अर्धवाहक' असाच शब्द आहे. तांब्यातून वीज सरळ जाते, काचेतून जात नाही. सिलिकॉन मधला. त्यात फॉस्फरस किंवा बोरॉन अगदी चिमटीभर मिसळलं की वीज कधी जाऊ द्यायची आणि कधी अडवायची, हे आपल्याला ठरवता येतं. हे 'जा' आणि 'थांब' म्हणजेच संगणक. मोबाइलच्या एका चिपवर असे अब्जावधी दरवाजे असतात.

सांगायचं हे की टपरीवरचे दोन्ही विनोद बरोबर दारात नेऊन उभे करत होते. आम्ही दारातच हसत बसलो. आत गेली ती नववीतली मुलगी.

आत गेल्यावर पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. असा कारखाना यायला काय लागतं? अतिशुद्ध पाणी भरपूर लागतं. वीज क्षणभर हलली तरी माल वाया जातो, म्हणून अखंड वीज लागते. धूळ चालत नाही. आणि हे सगळं सांभाळणारी शिकलेली माणसं लागतात. मग प्रश्न येतो की त्या माणसांत आपल्या मोहल्ल्यातलं कोण असतं? हा प्रश्न मी राजकारणाच्या गोंगाटात कुठे ऐकला नाही. टपरीवरही नाही. पुढे १० जुलै २०२३ ला फॉक्सकॉनने वेदांताबरोबरच्या भागीदारीतून माघार घेतल्याचं जाहीर केलं. तेव्हाही आपल्याकडे नवा जोक आला: "आम्हालाही नाही, तुम्हालाही नाही." हसायला हरकत नाही. पण तो प्रश्न तिथेच राहिला.

दुसरी गोष्ट थोडी जुनी. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी आठवते? तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असतील. दोन हजारांची नवी गुलाबी नोट आली आणि टीव्हीवर सांगितलं गेलं की तिच्यात नॅनो चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला कळेल. लोकांनी त्यावर धमाल केली. कुणी नोटेला चार्जर लावला, कुणी नोट कानाला लावून "हॅलो" म्हटलं. सरकारकडून खुलासा आला की असं काही नाही. तरी आमच्या ओळखीत एका दुकानदाराने नोट उन्हाकडे धरून चिप शोधलेली मी पाहिली आहे.

इथेही एक प्रश्न पुरेसा होता: हे चालणार कसं? जीपीएसचं यंत्र उपग्रहाकडून फक्त संदेश ऐकतं आणि त्यावरून आपली जागा काढतं. उपग्रहाला ते काही कळवत नाही. जागा दुसऱ्याला कळवायची तर वेगळं प्रक्षेपक यंत्र लागेल, अँटेना लागेल, बॅटरी लागेल. कागदाच्या नोटेत बॅटरी कुठे बसवणार? इतकं कळायला इंजिनीअर व्हावं लागत नाही. मोबाइलची बॅटरी संपल्यावर नकाशा बंद पडतो, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. मे २०२३ मध्ये त्या नोटा चलनातून परत घ्यायचं जाहीर झालं. नोटा गेल्या, चिप काही सापडली नाही. हा विनोद निरुपद्रवी होता. फार तर कुणाचा वेळ गेला.

तिसरी गोष्ट तशी नाही, आणि ती माझ्या चुकीची आहे.

१६ जानेवारी २०२१ ला देशात कोरोनाची लस द्यायला सुरुवात झाली. १ मार्चपासून साठीच्या पुढच्या लोकांना मिळू लागली. लस पुण्यातच, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनत होती, आपल्यापासून तास-दीड तासावर. आणि आपल्या ग्रुपवर काय फिरत होतं? लशीत डुकराची चरबी आहे, लशीत चिप आहे. मला दोन्ही खोटं वाटत होतं. म्हणून मी चेष्टा केली. लिहिलं, "चिप बसवून घ्या, रिचार्ज मोफत. चाचा, तुमचं नेटवर्क आता फुल येईल." हसण्याचे चेहरे पडले, पुढे पाठवलं गेलं. मी खूश.

चाचांचं वय तेव्हा पासष्टच्या आसपास. फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. लस घ्यायला चला म्हटलं की ते माझाच जोक मला ऐकवायचे, "नेटवर्क फुल हो जाएगा मेरा." मला वाटलं, मजा करतायत. ते मजा करत होते, आणि भीत पण होते. भीती सांगायची लाज वाटते, जोक सांगायची वाटत नाही. माझ्या जोकने त्यांना लपायला जागा दिली. मार्च गेला. एप्रिलमध्ये ते आजारी पडले. ऑक्सिजनच्या खाटेसाठी आम्ही रात्रभर फोन करत होतो. अल्लाहच्या कृपेने ते वाचले. पण आजही जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतात. मघाशी बटाट्याचा जोक सांगितला ते हेच चाचा. त्यांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही.

लस वेळेवर घेतली असती तर ते आजारी पडलेच नसते, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण मला जे करता आलं असतं ते मी केलं नाही. त्यांच्याजवळ बसून सांगता आलं असतं की चाचा, डोस अर्धा मिलिलिटर असतो, सुई ही एवढी बारीक. चिप चालायला वीज लागते, ती दंडात कुठून येणार? बनवणाऱ्यांनी सांगितलंय की यात डुकराचं काही नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा कौन्सिलने तर डिसेंबर २०२० मध्येच म्हटलंय की जिलेटिन असलं तरी जीव वाचवायला लस चालते. आणि शेवटी, चला, मीही येतो बरोबर. हे सांगायला दहा मिनिटं लागली असती. जोकला दहा सेकंद लागले.

म्हणून आता मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. खोट्या बातमीवर जोक करायचा असेल तर आधी घरातल्या घाबरलेल्या माणसाशी बोलायचं. जोक नंतर.

कुणी म्हणेल, हे प्रश्न विचारणं आपल्या दीनच्या आड येतं का? एक वाकया सांगतो. तुमच्यातल्या अनेकांनी ऐकला असेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा लहान मुलगा इब्राहिम वारला, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक म्हणू लागले की प्रेषितांच्या मुलाच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला. विचार करा, ही अफवा त्यांच्या घराचा मान वाढवणारी होती. दुःखाचा दिवस होता. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी लोकांना सांगितलं की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरणाने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. आपल्या बाजूची असली तरी खोटी गोष्ट दुरुस्त करायची, हा धडा तिथे आहे. आणि आज खगोलाचं गणित मागे नेऊन ते ग्रहण २७ जानेवारी ६३२ चं असल्याचं सांगतात.

हेच गणित पुढेही नेता येतं. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम लँडर चंद्रावर उतरलं तेव्हा आपल्यातलाच जोक होता, "आता ईदचा चाँद दिसला का, ते विक्रमलाच विचारा." हा मला आवडतो, कारण तो आपल्यावर आहे. त्याचंही दार उघडून पाहा. अमावास्येचा क्षण मिनिटापर्यंत मोजता येतो. त्या संध्याकाळी कोर डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी असेल का, याचाही अंदाज बांधता येतो. नमाजच्या वेळा तर आपण भिंतीवरच्या छापील तक्त्यावरून पाळतो, काठी रोवून सावली मोजत नाही. चाँद डोळ्यांनी पाहायचा की गणिताने ठरवायचा, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि तो निर्णय मी इथे देणार नाही. पण मत मांडण्याआधी कोर दिसते कशी, हे समजून घ्यायला कुणाची मनाई नाही. संविधानाचं कलम ५१-क तर वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्यच मानतं.

शेवटी परत आपल्या गावात येऊ. वाळूपासून चिप होते, हे मी सांगितलं. वाळूपासून काचही होते, आणि तळेगावला ते काम शंभर वर्षांपूर्वीच सुरू झालं आहे. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना होती की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा करावा. लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं. जपान-अमेरिकेत काचेचं शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय इथे आले आणि १९०८ मध्ये पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. इथे शिकलेले कारागीर पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले. एक पैशात काय कारखाना होतो? ऐकताना विनोदच वाटतो. पण त्या लोकांनी काच कशी बनते ते आधी शिकून घेतलं.

कारखाने येतात आणि जातात. जनरल मोटर्सची गाडी इथे २००८ पासून बनत होती, डिसेंबर २०२० मध्ये ती थांबली. तीच जागा घ्यायचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. पाटी बदलली, मशीन बदलल्या. शिकलेला हात मात्र दुसऱ्या पाटीखाली उभा राहू शकतो.

माझी भाची आता इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते आहे. परवा चाचांनी तिला विचारलं, "क्या बेटी, बटाटे छीलना सीख गई?" ती म्हणाली, "नाना, अभी तो सिर्फ धोना सीखी." आणि मग वेफर धुवायला इतकं शुद्ध पाणी का लागतं, ते तिने त्यांना समजावून सांगितलं. चाचा शेवटपर्यंत ऐकत होते.

खूप हसा. पण हसून झाल्यावर एकदा विचारा: हे चालतं कसं?