स्कोअरशीटवरची सगळी नावं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "दहा मिनिटं बोल, कशावरही बोल, फक्त कॉम्प्युटरवर बोलू नकोस." ते पथ्य मी पाळणार आहे. मी बास्केटबॉलवर बोलणार आहे.

हसलात ना? मी शाळेच्या बास्केटबॉल संघात होते हे तुमच्यापैकी निम्म्यांना आठवत नसणार, आणि त्यात तुमची काही चूक नाही. तीन वर्षांत मी मैदानात उतरले ती चार-पाच सामन्यांत, तीसुद्धा आपण हरणार हे नक्की झाल्यावर. बाकी वेळ मी बेंचवर. सरांनी बेंचवरच्या मुलींना रिकामं बसू दिलं नाही. आम्हाला स्कोअरशीट लिहायला बसवलं. कुणी किती बास्केट केल्या, कुणाचे किती फाउल झाले, सगळं टिपायचं. सामना सुरू होण्याआधी बाराही जणींची नावं लिहायची आणि जी मैदानात उतरेल तिच्या नावापुढे फुली मारायची. माझ्या नावापुढे बहुतेक वेळा फुली नसायची. नाव मात्र असायचं.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते थेट २०१२ साली, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो गावात. मी तिथे कंपनीच्या प्रोजेक्टवर होते. ऑफिसमधल्या मंडळींबरोबर एकदा सॅक्रामेंटो किंग्जचा सामना बघायला गेले. संघात त्या वर्षी एक नवा मुलगा आला होता, जिमर फ्रेडेट. तो बेंचवर बसलेला, आणि प्रेक्षक त्याच्या नावाने ओरडताहेत. तो उठला, जर्सी सारखी केली, मैदानात गेला, थोडा वेळ खेळला आणि परत येऊन बसला. मी शेजारच्याला विचारलं, "एवढं काय आहे याच्यात?" त्याने मध्यंतरभर मला त्याची कथाच ऐकवली.

जिमर न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन्स फॉल्स या लहान गावातला. अठरा वर्षांचा व्हायच्या आधी, जानेवारी २००७ मध्ये, थोरल्या भावाने त्याच्याकडून एक करारपत्र लिहून घेतलं. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, खेळण्यासाठी लागतील ते कष्ट आणि लागेल तो त्याग मी करीन, असा तो करार. जिमरने सही केली आणि तो कागद पलंगावर टांगला. गोंगाटात, दडपणाखाली खेळायची सवय व्हावी म्हणून हाच भाऊ त्याला तुरुंगात नेऊन कैद्यांविरुद्ध सामने खेळायला लावायचा.

पुढे तो यूटामधल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत गेला. २०१०-११ च्या मोसमात त्याने सामन्यामागे सरासरी २८.९ गुण केले, अमेरिकेतल्या सगळ्या कॉलेज खेळाडूंत सर्वाधिक. एका सामन्यात ४३, एकात तर ५२. वर्षाचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू तोच. रिंगपासून इतक्या लांबून बास्केट करायचा की त्याच्या नावाचं लोकांनी क्रियापद करून टाकलं. एखाद्या संघाचा त्याने धुव्वा उडवला की म्हणायचे, 'जिमर' झाला त्यांचा!

जून २०११ मध्ये एनबीएच्या निवडीत तो दहाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि सॅक्रामेंटोकडे आला. करार पूर्ण झाला. गोष्ट इथे संपली असती तर फार छान होतं.

पण पहिल्या मोसमात त्याची सरासरी ७.६ वर आली. अडीच वर्षांत किंग्जचे तीन प्रशिक्षक झाले आणि तिघांनाही त्याचं काय करायचं ते नीट उमगलं नाही. नेम गेला नव्हता. एनबीएमध्येसुद्धा त्याचे शंभरातले ३७ थ्री-पॉइंटर रिंगमध्ये जात होते, आणि ही तिथल्या चांगल्या नेमबाजांची टक्केवारी आहे. पण बचावात तो कमी पडायचा, समोरचे खेळाडू त्याच्याहून चपळ होते, आणि मुख्य म्हणजे चेंडू त्याच्या हातात नसायचा. कॉलेजात सगळा संघ त्याच्याभोवती बांधलेला होता. इथे त्याने कोपऱ्यात उभं राहून वाट बघायची. २०१४ मध्ये किंग्जनी त्याला सोडलं. मग शिकागो, न्यू ऑर्लिन्स, न्यूयॉर्क. मध्ये काही काळ खालच्या लीगमध्येही खेळला.

आता जरा माझ्याबद्दल. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर गुणवंत विद्यार्थ्यांचा बोर्ड आहे. सकाळी मी पाहिला, माझं नाव अजून आहे. पुढे इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, अमेरिका झाली. घरात, गल्लीत, शाळेत माझ्यापुरता एक न लिहिलेला करार होता आणि तो मी पूर्ण केला होता. २०१४ मध्ये प्रोजेक्ट बंद झाला. व्हिसाची मुदत संपत आली होती, ग्रीन कार्डच्या रांगेचं टोक दिसत नव्हतं. आम्ही सामान विकलं आणि पुण्याला परत आलो. दहा महिने मला मनासारखं काम मिळालं नाही. माझे बाबा त्यानंतरही जवळजवळ दोन वर्षं लोकांना सांगत होते, "मुलगी अमेरिकेत असते." मी कधी त्यांना टोकलं नाही. मलाही ते सोयीचं होतं.

२०१६ मध्ये आपला वीस वर्षांचा मेळावा झाला. मी आले नाही. रजा मिळत नाही असा निरोप पाठवला. तो खोटा होता. रजा हवी तेवढी होती. "काय गं, परत का आलीस?" हा प्रश्न मला नको होता. आज हे सांगून टाकायचं ठरवूनच आले आहे.

त्याच वर्षी जिमर चीनला गेला. शांघाय शार्क्सकडे. त्या क्लबचे मालक तेव्हा याओ मिंग होते, साडेसात फुटी उंचीचे चीनचे सर्वांत मोठे बास्केटबॉलपटू. फेब्रुवारी २०१७ मध्ये सॅक्रामेंटोच्या जुन्या सहकाऱ्याने मला बातमी पाठवली: जिमरचे एका सामन्यात ७३ गुण! मी आकडा दोनदा वाचला. त्या मोसमातली त्याची सरासरी ३७.६ होती आणि लीगमधला सर्वोत्तम परदेशी खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. चिनी संघांना मोजकेच परदेशी खेळाडू घेता येतात आणि गुण करण्याचा मोठा भार त्यांच्यावरच असतो. म्हणजे चेंडू पुन्हा त्याच्या हातात आला होता. माणूस तोच, नेम तोच. चिनी चाहत्यांनी त्याला नाव दिलं 'जीमो दाशन'. 'जीमो' हा शब्द जिमरच्या उच्चाराजवळचा आणि त्याचा अर्थ एकाकी. एकाकी महागुरू! बरोबरीचा कुणी उरला नाही म्हणून एकटा.

इथे थांबून "बघा, जागा बदलली आणि नशीब उघडलं" असं म्हणून मी खाली बसू शकते. पण ते पूर्ण खरं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याने ७५ गुण केले, आणि तो सामना शांघाय एका गुणाने हरली. मार्च २०१९ मध्ये फिनिक्स सन्सचं बोलावणं आलं तेव्हा तो लगेच एनबीएमध्ये परतला. तीस वर्षांचा झाला होता, चीनमध्ये देव झाला होता, तरी गेला. पहिला सामना नेमका यूटामध्येच. त्याच्या कॉलेजच्या राज्यातल्या प्रेक्षकांनी पाहुण्या संघातल्या या खेळाडूचं जोरात स्वागत केलं, आणि त्याचे शॉट एकामागून एक बाहेर पडत राहिले. सन्सकडून सहा सामने खेळला, मग पुन्हा परदेश. ग्रीसच्या पानाथिनाइकोसबरोबर तिथल्या लीगचं विजेतेपद, आणि परत शांघाय.

मला हा सहा सामन्यांचा भाग सगळ्यांत जवळचा वाटतो. मनातली जुनी जागा सहज सुटत नाही. आपण दुसरीकडे चांगलं काम करत असतो, तरी कुणी विचारलं की आवाज जरा खाली जातो.

माझं शांघाय सांगते. गेली नऊ वर्षं मी एका लहानशा कंपनीत दूध संकलनाचं सॉफ्टवेअर करते. पहाटे पाच वाजता शेतकरी कॅन घेऊन सोसायटीत येतो. दुधाचं वजन, फॅट, एसएनएफ, दर, पावती, सगळं अर्ध्या मिनिटात व्हायला हवं, कारण मागे रांग असते. लाइट गेली तरी चालायला हवं, नेट नसलं तरी चालायला हवं. दर दहा दिवसांनी बिल निघतं आणि त्यात एका रुपयाचा फरक आला तरी मला फोन येतो. अमेरिकेत सहा वर्षांत माझं काम वापरणारा एकही माणूस मला भेटला नव्हता. इथे मला बायका नावाने ओळखतात आणि पावतीवरची अक्षरं बारीक झाली म्हणून रागावतातसुद्धा! हे काम मी चांगलं करते. ते म्हणायला मला दहा वर्षं लागली.

जिमरचं पुढे काय झालं? तो थ्री बाय थ्री खेळायला लागला. अर्धं मैदान, एकच रिंग, तिघं विरुद्ध तिघं, दहा मिनिटं किंवा एकवीस गुण. २०२३ मध्ये अमेरिकेला विश्वचषकात रौप्यपदक मिळालं आणि २०२४ मध्ये तो पॅरिस ऑलिंपिकला गेला. तिथे त्याच्याबरोबर कॅन्यन बॅरी होता, इंजिनिअर म्हणून नोकरी करत खेळणारा, म्हणजे माझाच जातभाई. दुसऱ्याच सामन्यात जिमर जखमी झाला. संघ चौघांचाच, त्यामुळे उरलेले तिघं बदली खेळाडू नसताना पुढचे सगळे सामने खेळले. उपांत्य फेरी हुकली आणि जिमर परत बेंचवर. २०२५ मध्ये त्याने निवृत्ती घेतली, आणि आता तो अमेरिकेच्या याच थ्री बाय थ्री संघाचं व्यवस्थापन बघतो.

हे सगळं आजच सांगायचं कारण आहे. आपल्या तुकडीच्या यादीत ५४ नावं आहेत. दुर्दैवाने तिघं आज आपल्यात नाहीत. इथे जमलो आहोत ३३. उरलेल्या १८ जणांपैकी काहींना खरोखरच रजा मिळाली नसेल. पण काहींचा निरोप माझ्या २०१६ च्या निरोपासारखा असणार, हे मी खात्रीने सांगते. कुणाचा धंदा बसला असेल, कुणाचं घर मोडलं असेल, कुणाला वाटत असेल की तिकडे सगळे पदं सांगणार, मी काय सांगू?

म्हणून दोन विनंत्या आहेत. या स्मरणिकेत सगळ्यांच्या नावापुढे 'सध्याचे पद' असा रकाना आहे. तो काढून टाका, किंवा तिथे ज्याला जे आवडतं ते लिहू द्या. आणि जे आले नाहीत त्यांची नावं गाळू नका. उद्यापासून आपण प्रत्येकाने त्यातल्या एकाला तरी फोन करायचा. काय करतोस, कुठवर पोचलास, हे विचारायचं नाही. पुढच्या वेळी ये, एवढंच म्हणायचं. मी दोघींचे नंबर घेतले आहेत.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. आज सकाळी गेटवर यादीत माझ्या नावापुढे मी स्वतः फुली मारली. फार बरं वाटलं.